धुळ्याचा ळ कुठे गेला?

माझ्या आजीच्या तोंडून जळगाव हा शब्द कधी निघालाच नाही. ती म्हणायची जयगाव. धुळं म्हणजे धुये. केळीच्या बागेला केयीनी बाग, डोळ्याला डोया, आणि कळण्याची भाकरी म्हणजे कयनानी भाकर. शाळेत मास्तर फळ्यावर ळ काढून घोटवून घ्यायचे आणि घरी आलं की तो ळ उंबऱ्याबाहेर चपलांसोबत राहायचा. लहानपणी वाटायचं, आजीला येत नाही. पुढे शिकायला बाहेर पडलो तेव्हा कळलं की अहिराणीत आणि लेवा बोलीत ळचा य होणं हा नियमच आहे, चूक नव्हे. आसोद्याच्या बहिणाबाईंचं 'वढाय' साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ते 'वढाळ'च, फक्त खानदेशी अंगणातून आलेलं.

हे सगळं आठवायला कारण घडलं एक जुना नकाशा. खानदेशचा, इंग्रजी अमदानीतला. त्यावर आपल्या गावांची जी नावं छापली होती ती वाचून आधी हसू आलं. खानदेशचं स्पेलिंग सी-ए-एन-डी-ई-आय-एस-एच. म्हणजे काय, कँडीश? गोळ्या-चॉकलेटांचा प्रांत? थाळनेर म्हणजे टॅलनीर. अमळनेरची सुरुवात चक्क यू या अक्षरानं, म्हणजे उमुलनेर. धुळ्याचं डी-एच-यू-एल-आय-ए, धुलिया. साहेबाला आपली नावं उच्चारता येत नव्हती, असा शेरा मारून नकाशा मिटता आला असता. पण मग आजी आठवली. तिलाही 'जळगाव' म्हणता येत नव्हतं. साहेबानं ळचा ल केला, आजीनं य केला. मग नेमकं चुकलं कोण?

इंग्रजांनी परक्या शब्दांची जी मोडतोड केली तिचा एक मोठा कोशच आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी तो केला. बर्नेल 1882 मध्ये वारले, आणि 1886 मध्ये कोश छापून आला. नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. हे कुणा दोन इंग्रजांचं आडनाव वाटतं, पण तसं नाही. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' असा आक्रोश चाले, तो गोऱ्या शिपायांच्या कानी पडला आणि त्यांच्या तोंडून बाहेर आला तो 'हॉब्सन-जॉब्सन'. कोशाला नाव देताना यूलनं हाच नमुना उचलला. आपल्याच लोकांच्या जिभेची अशी थट्टा मुखपृष्ठावर छापायला मोकळं मन लागतं.

त्या कोशात काय काय सापडतं! प्लासीच्या लढाईतला सिराजउद्दौला तिथं 'सर रॉजर डाउलर' होऊन येतो, जणू राजानं त्याला 'सर' ही पदवी बहाल केली आहे. युवराज होतो 'अपर रॉजर'. बावर्ची होतो 'बॉबची'. आणि आपण ठेच लागल्यावर, साप दिसल्यावर, भाजीचा भाव ऐकल्यावर जे 'बाप रे!' म्हणतो, त्याचा इंग्रजीत झाला 'बॉबरी', म्हणजे गोंगाट, आरडाओरडा. शिकारीसाठी गोळा केलेल्या हरतऱ्हेच्या कुत्र्यांच्या टोळक्याला साहेब लोक 'बॉबरी पॅक' म्हणत. आपल्या बापाचं असं कुत्र्यांशी नातं जुळलेलं बघून वाईट वाटून घेऊ नका, त्यांना त्यातला बाप ऐकूच आला नव्हता. नोकराला दार लावायला सांगता यावं म्हणून मेमसाहेबांनी 'देअर वॉज अ बँकर' हे वाक्य पाठ केलं होतं, असंही सांगतात. भरभर म्हणून बघा: दरवाजा बंद कर. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, पण प्रयोग हटकून साधतो.

आता त्या नकाशाकडे पुन्हा वळतो, कारण माझं हसू तिथंच जिरलं. अमळनेरचं ते यू-एम-यू-एल-एन-ए-आय-आर घ्या. अंब्रेला, अंकल, अप या इंग्रजी शब्दांत यू हे अक्षर आपल्या 'अ'सारखं उच्चारतात. हेअर, चेअर यांत ए-आय-आर 'एअर' होतं. म्हणजे त्या स्पेलिंगकडे आपल्या डोळ्यांनी न बघता एखाद्या इंग्रजाच्या डोळ्यांनी बघितलं, तर ते 'उमुलनेर' नाहीच. ते आहे 'अमल्नेअर'. ळ सोडला तर जवळजवळ अचूक! साहेबानं व्याकरण विचारलं नाही, लिपी शिकली नाही, बैलगाडीवाल्यानं जे म्हटलं ते कानानं टिपलं आणि आपल्या गावच्या सवयीनं कागदावर उतरवलं. ते हास्यास्पद स्पेलिंग म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचं एक ध्वनिमुद्रणच आहे, फक्त ते वाजवायला इंग्रजी तोंडाचं यंत्र लागतं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हिंदुस्थानी शिकवणारा जॉन गिलख्रिस्टही 'अ'साठी यू आणि 'ऊ'साठी दोन ओ असंच लिहायचा.

पुढे विल्यम विल्सन हंटर नावाच्या अधिकाऱ्यानं शिस्त आणली. 'अ'ला ए, 'उ'ला यू, 'इ'ला आय, मग इंग्रजी कानाला ते कसंही लागो. 1870च्या दशकात सरकारनं ती पद्धत धरली आणि गॅझेटियरांतून, टपालाच्या शिक्क्यांवरून ती देशभर गेली. आज आपण जळगाव, अमळनेर, चाळीसगाव यांची जी स्पेलिंगं लिहितो ती याच वळणाची. दिसायला सुबक, एकसारखी. पण ती इंग्रजी माणसासाठी उरली नाहीत. ती आपल्यासाठी आहेत, ज्यांना उच्चार आधीच ठाऊक आहे त्यांच्यासाठी.

याचा गमतीदार पुरावा म्हणजे धुळ्याचंच आजचं स्पेलिंग. डी-एच-यू-एल-ई. रूल आणि म्यूल वाचत वाढलेला इंग्रज ते बघून काय म्हणेल? 'डूल'. शेवटचा ए त्याच्या हिशेबी मुकाच. पुण्याचं नवं स्पेलिंग तो जूनच्या चालीवर वाचतो आणि एक अख्खं ऐतिहासिक शहर 'प्यून' होऊन दारापाशी स्टुलावर बसतं. ठाण्याची तर कमालच. टी-एच-ए-एन-ई हा इंग्रजीत आधीपासूनच एक शब्द आहे, 'थेन', स्कॉटलंडमधला सरदार; शेक्सपियरचा मॅकबेथ तोच होता. आपण ज्यांना गुलामीची खूण म्हणून पुसलं ती पूना, टॅना, धुलिया ही रूपं शेवटचा स्वर तरी राखून होती. म्हणून ती परत आणा असं मी म्हणत नाही. गाव आपलं, नावही आपणच ठरवायचं. पण पुसताना त्या रूपांवर 'अशुद्ध' असा शिक्का मारला गेला, तो मात्र मला पटत नाही. शिवाय 'धुलिया' हे एकट्या साहेबाचं पापही नव्हे. प्रमाण हिंदीत ळ नाही, आणि हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी आजही धुलियाच असतं.

तर ळ. जीभ मागे वळवून टाळूला लावायची आणि हवा दोन्ही बाजूंनी सोडायची. मराठी, कोकणी, गुजराती, पंजाबी, उडिया आणि दक्षिणेतल्या चारही मोठ्या भाषांत हा आवाज आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत दुसरा शब्द 'ईळे' आहे, इतका तो जुना. इंग्रजीत नाही, म्हणून इंग्रजानं जवळचा ल उचलला. अहिराणी माणसानं जीभ वळवायचे कष्ट वाचवले आणि ती सैल सोडली, की य तयार. ही आपल्याकडचीच खोड समजू नका. स्पॅनिश भाषेत एक वेगळ्या जातीचा ल होता, दोन एल एकापुढे एक काढून लिहायचा. बहुतेक स्पॅनिश लोकांनी त्याचा य करून टाकला. त्यांचा तो केशर घातलेला भात, स्पेलिंगमध्ये ल दिसतो म्हणून इंग्रज त्याला 'पाएला' म्हणतात आणि स्पॅनिश लोक गालात हसतात, कारण तो आहे 'पाएया'. मेक्सिकोची मक्याची पोळी काही इंग्रजांच्या तोंडी 'टॉर्टिला', तिकडे 'तोर्तिया'. आता बघा: पाएला म्हणणारा लंडनकर आणि जळगाव म्हणणारा पुणेकर एका बाजूला, पाएया म्हणणारा माद्रिदचा माणूस आणि जयगाव म्हणणारी माझी आजी दुसऱ्या बाजूला. आजीला स्पेनमध्ये नेऊन हॉटेलात बसवलं असतं तर तिनं त्या भाताला नाकं मुरडली असती, पण नाव बरोबर घेतलं असतं.

पण खरं आश्चर्य जिभेत नाही, कानात आहे. हातात कागदाचा एक पातळ कपटा घ्या. तोंडासमोर धरा आणि कुणा इंग्रजाला 'पिन' म्हणायला सांगा. कपटा फडफडेल. मग 'स्पिन' म्हणायला सांगा. कपटा जागचा हलणार नाही. म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला आलेला प इंग्रज जोरानं फुंकतो, त्यात ह मिसळतो. क आणि ट यांचंही तसंच. आपल्या हिशेबी तो ख, ठ म्हणतोय, पण त्याला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की दोन्ही प एकच आहेत. आपल्याला प आणि फ, क आणि ख ही वेगळी अक्षरं, कारण काल आणि खाल यांचे अर्थ वेगळे. त्याच्या भाषेत त्या फुंकरीनं अर्थ बदलत नाही, म्हणून ती त्याला ऐकूच येत नाही.

याचा अर्थ काय? नकाशावर 'ख' गाळून नुसता सी लिहिणारा तो साहेब, 'कँडीश' मोठ्यानं वाचताना 'खँडीश' म्हणत असणार! आपल्या खानदेशातला ख त्याच्या तोंडात होता आणि कागदावर नव्हता. पुण्याजवळच्या खडकीचंही तेच. 1817च्या लढाईपासून इंग्रजी पुस्तकांत ती 'किर्की' आहे. ड जिभेवर झटकन आपटला की परक्या कानाला र वाटतो, म्हणून र. ख मात्र लिहिताना गेला, बोलताना राहिला. धुळ्याचा ध आणि भुसावळचा भ यांची गोष्ट वेगळी. घोष आणि महाप्राण एकत्र, हा प्रकार इंग्रजीत कुठेच नाही. त्यामुळे तिथं तो खरोखरच अडकतो. आणि उलट बाजूही सांगायला हवी. आपण मराठी लोक 'पिन' म्हणतो तेव्हा फुंकर मारत नाही, म्हणून पुष्कळदा इंग्रजाला ते 'बिन' ऐकू येतं.

ही बहिरेपणाची तालीम किती लवकर सुरू होते? 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. आवाज बदलला की बाळानं मान वळवायची, असं त्यांना सरावानं शिकवलं होतं. सहा-आठ महिन्यांची बाळं बरोबर मान वळवत होती. त्यांच्या आईबापांना जो फरक कळत नव्हता तो या बाळांना कळत होता! आणि दहा-बारा महिन्यांची होईतो तो कान बहुतेकांचा मिटून गेला. म्हणजे 'टॅलनीर' लिहिणारा साहेब पाळण्यात असताना थ आणि ठ यांतला फरक ओळखू शकला असता, पहिला वाढदिवस येईपर्यंत ते गाठोडं त्यानं टाकून दिलं. त्याच थाळनेरच्या किल्लेदाराला 1818 च्या फेब्रुवारीत इंग्रज फौजेनं फासावर लटकवलं. नावं चुकवणाऱ्या त्या तोंडांकडे हुकूम सोडायची सत्ता होती, हे हसता हसता विसरता येत नाही.

आपल्या कानाचेही असेच कप्पे आहेत. इंग्रजांचा टी हा ना आपला त, ना ट. जीभ दातांच्या मागच्या हिरडीला लागते, दोहोंच्या अधेमध्ये. आपल्याकडे त्या आवाजाला कप्पा नाही, म्हणून आपण तो सरसकट ट-ड मध्ये टाकला: टेबल, तिकीट, डॉक्टर, लंडन. (तिकिटातला पहिला त कसा सुटला देव जाणे.) त्याआधी पोर्तुगीज आले होते. त्यांचा टी दातांना लागतो, अगदी आपल्या तसारखा. म्हणून त्यांच्याकडून आलेले शब्द बघा: तुरुंग, इस्त्री, पिस्तूल, बादली. शब्दातला त-द की ट-ड एवढ्यावरून तो कोणत्या जहाजातून उतरला ते बऱ्याचदा ओळखता येतं. बटाटा मात्र पोर्तुगीज असूनही या नियमाला जुमानत नाही. सर्वांत सुंदर जोडी एकाच इमारतीची आहे. पोर्तुगिजांकडून आलं ते इस्पितळ, इंग्रजांकडून आलं ते हॉस्पिटल. एकात त, दुसऱ्यात ट. आणि इस्पितळाच्या शेवटी बघितलंत? ज्या ळसाठी आपण साहेबाला हसतो, तो पोर्तुगिजांकडे नसतानाही आपण त्यांच्या शब्दाला पदरचा लावून टाकला.

भुसावळहून मुंबईकडे निघालं की नाशिकच्या अलीकडे-पलीकडे करता करता देवळाली येते. पुन्हा ळ. इथं गोऱ्या सैन्याची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई घरी जाण्यासाठी इथं येऊन थांबत. सैन्याची जहाजं थंडीच्या महिन्यांतच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपे त्याला महिनोन् महिने नुसतं बसून काढावे लागत. काम नाही, ऊन मरणाचं, दारू स्वस्त. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानं 1936 साली छापलेल्या आपल्या आठवणींत हे वर्णन केलं आहे. अशा रिकामपणात डोकं फिरलेल्याला 'डूलॅली टॅप' झाला म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप. पुढे ताप गळाला, डूलॅली उरलं. आज लंडनमधला माणूस 'ही हॅज गॉन डूलॅली' म्हणतो, म्हणजे त्याचं डोकं फिरलंय, आणि त्याला स्वप्नातही ठाऊक नसतं की आपण नाशिक जिल्ह्यातल्या एका रेल्वे स्टेशनाचं नाव घेतोय. त्या स्टेशनावरून ये-जा करणाऱ्या आपल्या लोकांनाही ते ठाऊक नसतं. इंग्रजी शब्दकोशात जागा मिळवलेलं महाराष्ट्रातलं हे गाव, आणि मान मिळाला तो वेडेपणाचा!

मोडलेला शब्द कधी कधी परत घरी येतो, तेव्हा त्याला कुणी ओळखत नाही. जळगाव स्टेशनावर उतरून लेण्यांकडे जाणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या तोंडी 'अजँटा' असतं. गावाचं नाव अजिंठा. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा अधिकारी तिथं पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव खरवडून आला. दहा वर्षांनी जेम्स अलेक्झांडर या लेफ्टनंटनं लेण्यांबद्दल इंग्रजीत लिहिलं तेव्हा स्पेलिंग होतं ए-डी-जे-यू-एन-टी-ए. ज नीट उमटावा म्हणून आधी डी लावला, अ साठी यू. तेवढ्यात इ हरवली आणि ठचा ट झाला. पुढे त्या यूचा ए झाला. मग हिंदी माणसानं रोमन लिपीतला टी वाचून त्याचा त केला आणि पाटी लागली 'अजंता'. ठ, ट, त: एका अक्षरानं गाव न सोडता तीन भाषा फिरून घेतल्या. आता आपणच हॉटेलाला, घड्याळाला, चपलेला अजंता म्हणतो आणि 'अजंता-एलोरा'ची सहल काढतो. एलोराचा सगळा दोष मात्र साहेबाला देऊ नये, जुन्या ताम्रपटांत एलापूर आहेच. पण वेरूळचा ळ त्या प्रवासात गेला तो गेलाच.

याच लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यात रॉबर्ट गिल या चित्रकार अधिकाऱ्यानं 1844 पासून पुढचं आयुष्य घालवलं. त्याच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो 1879 मध्ये वारला आणि त्याला भुसावळला पुरलं. ज्या गावाचा भ आणि ळ दोन्ही इंग्रजीला झेपत नाहीत, त्याच गावात.

घरी परतलेला दुसरा शब्द तुमच्या बैठकीच्या खोलीतच आहे. तीन पायांची छोटी मेजवजा घडवंची, तिला हिंदुस्थानीत तिपाई म्हणत. इंग्रजांनी ऐकलं 'टीपॉय'. टी म्हणजे चहा, म्हणून त्यांनी समजूत करून घेतली की ही चहा ठेवायची जागा, आणि स्पेलिंगही चहाचंच केलं. मग आपण तो शब्द इंग्रजी फर्निचरसोबत इंग्रजी समजून परत घेतला. आज धुळ्या-जळगावच्या कुठल्याही फर्निचरच्या दुकानात जाऊन टीपॉय मागा आणि खाली वाकून त्याचे पाय मोजा. बहुधा चार भरतील.